हातात काय धरावं

वासरानं दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण ओढलं, तेव्हा महाराज तीन घरं अलीकडं होते.

चंपाबाईंच्या एका हातात पाण्याचा कलश होता आणि दुसऱ्या हातात नारळ, त्यामुळं त्यांनी वासराला कोपरानं ढकललं. वासरू मागं सरकलं ते थेट रांगोळीवर. त्यांचे यजमान बाबगोंडा दावं धरून उभे होते. त्यांनी ते जोरात ओढलं, तसं वासरानं तोंडातलं तोरण न सोडता त्यांच्याभोवतीच एक फेरी मारली आणि त्यांचे पाय दाव्यात गुंडाळले. मागं निरांजन घेऊन उभ्या असलेल्या सुनेनं, ब्राह्मीनं, खालचा ओठ दातांत धरला आणि मान खाली घातली.

"हसू नगं," चंपाबाई पुटपुटल्या. "मनशुद्धी जाती."

"हसत न्हाय, आत्ती."

महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला टेकवलेली, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. तिघांनी एका सुरात म्हटलं, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ!" महाराजांचं पाऊल ना हळू झालं ना भरभर. ते दारावरून पुढं गेले, कोपऱ्यावरच्या पाटलांच्या दारावरूनही पुढं गेले, आणि बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्या चढून आत दिसेनासे झाले.

आज तिसरा दिवस होता. तीन दिवस महाराजांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

निपाणीपासून कोगनोळीच्या वाटेवरच्या या गावात महाराज चातुर्मासाला आले, तेव्हा जैन गल्लीतली दहाही घरं शेणानं सारवून, चुन्यानं रंगवून तयार होती. रोज सकाळी प्रत्येक घरात सोवळ्यात स्वयंपाक होई. पहाटे दळलेलं पीठ, दुहेरी कापडातून गाळलेलं पाणी, धुतलेली चूल. मग घरची माणसं दारात उभी राहत. पण कुणाच्या दारात थांबायचं हे महाराज ठरवत नसत. आहाराला निघताना ते मनाशी एक खूण धरत आणि ती कुणालाही सांगत नसत. कधी नारळ घेतलेला माणूस, कधी जोडप्यानं उभं राहणं, कधी आणखी काही. ती खूण ज्या दारात दिसेल तिथं आहार. कुठंच दिसली नाही तर उपास. दुसऱ्या दिवशी खूण नवी.

आषाढ संपेपर्यंत दहापैकी नऊ घरी महाराजांचा आहार झाला होता. दहावं घर चंपाबाईंचं.

तीस वर्षं त्या नेमानं राहिल्या होत्या. दिवस मावळल्यावर त्यांनी कधी पाणी प्यायलं नव्हतं. अष्टमी-चतुर्दशी कधी चुकली नव्हती. आयुष्यात एकदा आपल्या हातून मुनींच्या ओंजळीत घास पडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्या कुणाला बोलून दाखवत नसत, त्यामुळं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

परवा महाराज पहिल्यांदा उपाशी परतले, तेव्हा चंपाबाई बस्तीत गेल्या आणि देवापुढं नेम घेऊन आल्या. महाराजांचा आहार होईतोवर आपणही अन्न घ्यायचं नाही. बाबगोंडांनी नेम घेतला नाही. घरात एक नेम पुरे, असं त्यांचं मत होतं.

समोरच्या घरात मराठ्यांची नागुबाई राहत असे. तिचं सकाळचं निवडणं-टिपणं हल्ली कट्ट्यावरच चाले, कारण इतकी करमणूक तिला जत्रेतही मिळाली नव्हती.

"चंपाक्का," तिनं सुपातल्या तांदळातून खडा काढत हाक दिली, "आमच्या खंडोबाला भाकरी-कांदा दावला की झालं बगा. तुमचं म्हंजे आदी कोडं सोडवायचं, मग जेवण वाढायचं."

"आगं, कोडं न्हाय ते. तप हाय."

"तप त्येंचं, आन् घाम तुमास्नी!"

चंपाबाईंना हसू आलं. पण महाराज उपाशी असताना हसणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी ते पदराच्या टोकात ठेवलं आणि वासराच्या तोंडातून तोरण सोडवायला गेल्या.

त्या दिवशी दुपारी बाबगोंडा जेवून ओसरीवर बसले ते विचार करतच. महिनाभरात कुठल्या घरी काय धरलं होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाटलांकडं नारळ. शेजारच्या जयाबाईंकडं पाच विड्याची पानं. कडेच्या घरी तर म्हातारा आजारी होता, म्हणून नातू एकटाच उभा होता, आणि महाराज तिथंही थांबले होते.

"आपुन एक-एक वस्तू धरतोय, हितंच चुकतंय," शेवटी ते म्हणाले. "उद्या समदंच धरू. त्यातलं एक तरी लागंल."

"समदं म्हंजे?"

"नारळ, केळी, पानं, सुपारी, कलश, ऊस, हळकुंड, पांढरं फडकं. वासरू सोडून समदं."

चंपाबाईंनी थोडा विचार केला. त्यांना हे जरा आधाशीपणाचं वाटलं. पण महाराजांचा उद्या चौथा उपास होता, आणि भुकेल्या माणसासाठी केलेला आधाशीपणा देव पोटात घालील, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"ब्राह्मी," त्यांनी आत हाक दिली, "उद्या पीठ आनी बारीक दळ. आज लई जाडं पडलंतं. दोन दिस बगतीया, तुझ्या हातात जीवच न्हाय."

"व्हय, आत्ती."

ब्राह्मी सदलग्याची. लग्नाला वर्ष होत आलं होतं. माहेरी सगळं कानडीत चालायचं, त्यामुळं ती मराठी जपून बोले आणि बहुतेक सगळ्याला 'व्हय आत्ती' म्हणे. नवरा, बाहुबली, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता; आठवड्यानं घरी येई. सासऱ्यांना वाढून झालं की ती स्वयंपाकघरात एकटीच असे. मागं बसून जेवत असेल, असं चंपाबाई धरून चालल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी चंपाबाईंचं दार बाजारच्या दिवसासारखं दिसत होतं. बाबगोंडांच्या डोक्यावर कलश, एका हातात ऊस, दुसऱ्या हातात केळीचा फणा, आणि खांद्यावर पांढरं फडकं. चंपाबाईंच्या हातात नारळ आणि पानांचा विडा, पदराला हळकुंड बांधलेलं. ब्राह्मीच्या हातात पितळेचं मोठं ताट. जे कुठंच मावलं नाही ते सगळं त्यात होतं.

जयाबाई आपल्या दारातून वाकून पाहत होत्या. त्यांच्या दारात पाच पानं होती. एकदा लागलेली वस्तू त्या सोडत नसत. शेजारी त्यांची सून पद्मव्वा डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"चंपाक्का, दुकान मांडलासा काय?"

"तुमी तुमची पानं बगा," बाबगोंडा मान न हलवता म्हणाले. मान हलवली असती तर कलश पडला असता.

"मामास्नी ऊस लई शोभतोय," नागुबाई कट्ट्यावरून म्हणाली. "निस्ती घुंगरं बांदली की झालं."

बस्तीतली घंटा वाजली. महाराज निघाले होते. जो तो आपल्या दारात सरळ उभा राहिला.

चंपाबाईंनी पदर सारखा केला आणि कडेला नजर टाकली. ताटातल्या सुपाऱ्या आपापल्या जागी किणकिणत होत्या.

"ताट नीट धर गं. थरथरतंय."

"न्हाय, आत्ती."

"न्हाय काय? सुपाऱ्या नाचाय लागल्यात."

ब्राह्मीनं ताट छातीशी धरलं. आता ताटाबरोबर तीही हलताना दिसू लागली. चंपाबाईंनी या वेळी ताटाकडं न पाहता तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे कधी आलं, त्यांना सांगता आलं नसतं.

महाराज पहिल्या दारावरून पुढं आले.

"काल किती भाकरी खाल्लीस?"

ब्राह्मीनं ताट आणखी घट्ट धरलं.

"ब्राह्मी. काल किती खाल्लीस?"

"इल्ल, आत्ती."

"न्हाय? आन् परवा?"

ब्राह्मीनं नुसती मान हलवली.

"आगं, पर का?"

"तुमी न्हाय खाल्ला की."

"मी नेम घेतलाय! तू कुणाला इचारून घेतलास?"

"नेम न्हाय घेतला," ब्राह्मी हळू आवाजात म्हणाली. अपराध कबूल केल्यासारखी. "नुसता घास जाईना."

आणि तिच्या हातातलं ताट एका बाजूला कलू लागलं.

चंपाबाईंनी नारळ टाकला, विडा टाकला आणि दोन्ही हातांनी सुनेला धरलं. ताट पायरीवर पडलं. त्याचा असा काही आवाज झाला की पाटलांच्या कौलावरची कबुतरं उडाली. सुपाऱ्या चहूकडं पळाल्या. बाबगोंडा दचकून वळले, कलशातलं पाणी त्यांच्या अंगावर आलं, आणि नारळ गडगडत गल्लीत उतरताना दिसला. ऊस-केळी तिथंच ठेवून, ओलेचिंब, ते त्याच्यामागं धावले. नारळ नागुबाईच्या कट्ट्याशी जाऊन टेकला.

"मी हात लावत न्हाय, मामा," नागुबाई पाय वर घेऊन म्हणाली. "सोवळ्यातला हाय."

नारळ कट्ट्याला आपटून उलट फिरला होता. बाबगोंडा वाकून त्याच्यामागं चालत राहिले. रस्त्याच्या मधोमध त्यांना नारळ सापडला. त्याच्या पुढ्यात दोन पाय होते, धुळीनं भरलेले. ते चालत नव्हते.

बाबगोंडा वाकलेलेच राहिले.

दारात चंपाबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. ब्राह्मीचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. त्या पदरानं तिचं कपाळ पुसत होत्या आणि बडबडत होत्या. आवाज त्यांचा नेहमीचा हळूच होता, पण आज थांबत नव्हता. "तीन दिस! उपाशीपोटी पायलीभर दळलीस! आन् मी आपली म्हणतीया, हातात जीव न्हाय. कुटनं येणार जीव? सांगाय काय झालंतं? तोंड हाय न्हवं तुला? नुसतं व्हय आत्ती, व्हय आत्ती—"

"चंपाक्का!" जयाबाईंच्यानं राहवेना. "म्हणा की! आवो, म्हणा!"

"काय म्हणू? पोरगी उपाशी हाय माझी!"

ब्राह्मीनं खांद्यावरूनच डोळे उघडले. समोर पाहिलं. आणि सासूच्या पदरातून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ."

तेव्हा कुठं चंपाबाई वळल्या.

महाराज दारासमोर थांबले होते.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिघांनी, ब्राह्मीनं सासूच्या आधारानं, महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या. बाबगोंडांनी नारळासकट घातल्या, कारण तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचलं नाही. मन, वचन, काया शुद्ध असल्याचं सांगितलं. पाय धुतले. महाराज चौरंगापाशी उभे राहिले आणि चंपाबाईंच्या हातून, तीस वर्षांनी, मुनींच्या ओंजळीत दुधाचा पहिला घोट पडला. भात झाला, मुगाचं वरण झालं. घासात केस निघाला नाही, मुंगी निघाली नाही, आहार तिथंच मोडावा असं विघ्न काही आलं नाही. ज्या हातांना जीव नाही म्हणून नावं ठेवली होती, त्यांनी दळलेल्या पिठाची भाकरीही महाराजांनी घेतली. शेवटी पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि एक शब्दही न बोलता ते बस्तीकडं गेले.

त्यांची पाठ वळताच चंपाबाईंनी ब्राह्मीला पाटावर बसवलं, आधी गुळाचं पाणी दिलं, मग दूध-भात. स्वतः समोर बसल्या आणि प्रत्येक घास गिळला गेला की नाही, ते पाहत राहिल्या.

"आत्ती, तुमी बी."

"तू खा आदी. मला बगू दे."

गल्लीला मात्र धीर नव्हता. जयाबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं आणखी चौघी.

"चंपाक्का, खरं सांगा. खूण काय हुती?"

"मला ठावं न्हाय, जयाबाई."

"आसं कसं? तुमच्या दारात थांबलं न्हवं महाराज?"

"थांबलं. पर माझं ध्यानच न्हवतं तिकडं."

हे कुणालाच पटलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन मतं झाली. पाटलांचं म्हणणं, रस्त्यात पडलेला नारळ. दुसरं मत, ओला माणूस. पण बायकांचं सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्या नागुबाईची साक्ष काढत होत्या, कारण तिनं सगळं समोरून पाहिलं होतं.

"मी काय सांगू बाई," नागुबाई म्हणाली. "मला तर एकच दिसलं. सासूनं सुनंला धरलंतं."

उद्याची खूण वेगळी असणार, हे बाबगोंडांनी दोघा-तिघांना सांगून पाहिलं. पण सकाळी ऊस घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं कोण ऐकतो?

पाचव्या दिवशी सकाळी जैन गल्लीत जे दिसलं ते त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. आठ दारांत आठ सासवा आपापल्या सुनांना धरून उभ्या होत्या. कुणी खांद्याला, कुणी कमरेला. एकीला सून नव्हती, तिनं जाऊ धरली होती. दोन घरांपुढं नारळ मुद्दाम रस्त्यात टाकले होते, आणि पाटलांनी, मत नारळाचं असलं तरी, जोखीम नको म्हणून धाकट्या भावावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. चंपाबाईंच्या दारात तेवढी सून नव्हती. दिवस उजाडताच तिला तूप-भाकरी खाऊ घालून त्यांनी आत निजवली होती, पहाटे दळण आपणच दळलं होतं, आणि आता त्या नवऱ्याबरोबर एक नारळ घेऊन उभ्या होत्या.

जयाबाईंनी पद्मव्वाच्या खांद्यावर हात टाकला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळं तो नेमका कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"आत्ती," पद्मव्वा समोर बघत हळूच म्हणाली.

"गप. महाराज निघालं."

"आत्ती, पंचमीला माहेराला जाऊ?"

जयाबाईंच्या कपाळाला आठी येऊ लागली. पण महाराज चार घरांवर होते, आणि मन शुद्ध पाहिजे होतं.

"जा."

"आठ दिस?"

महाराज दोन घरांवर आले.

"जा म्हटलं न्हवं!"

"का पंदरा दिस जाऊ, आत्ती?"

महाराज दारासमोर होते. "नमोस्तु, नमोस्तु," जयाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "जा! — नमोस्तु, अत्र तिष्ठ!"

महाराज पुढं गेले. त्या दिवशी त्यांचा आहार कडेच्या घरी झाला, जिथला नातू आजही एकटाच उभा होता आणि ज्याला धरायला कुणी नव्हतं.

पण पद्मव्वाचं बोलणं शेजारच्या दारात ऐकू गेलं होतं, आणि तिथून पुढच्या; तिथल्या सुनांनीही महाराज दारावर येताच तेच मागून घेतलं. मुनींच्या पुढ्यात दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा? पंचमीच्या आदल्या दिवशी गल्लीतून पाच गाड्या सुटल्या. पाचही सुनांची गाठोडी त्यात होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच घरांतून पाच सासवांची जाती ऐकू आली, थांबत थांबत, मधूनच सुस्कारे टाकत. जयाबाईंचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट येत होता.

"महाराज जेवलं चंपाक्काच्या घरात, आन् दळतीया मी!"

ब्राह्मीनं माहेराचं काही विचारलं नव्हतं. ते चंपाबाईंनीच काढलं.

"गाडी जुपा," त्या बाबगोंडांना म्हणाल्या. "हिला सदलग्याला सोडून या."

"महाराजांच्या सैपाकाचं, आत्ती?" ब्राह्मी म्हणाली. "पीठ कोण दळणार?"

"मी हाय की. तू यायच्या आदी मीच दळत हुती."

ब्राह्मी गाडीत बसली. गाठोडं मांडीवर घेतलं. बैल उठले, गाडी हलली, आणि मग तिनं एकदम मागं वळून, लग्नानंतर पहिल्यांदाच, सासूला काही बजावलं.

"आत्ती, तुमी येळंवर जेवा. पोटभर. तुमी जेवला न्हाय तर मी बी तिकडं जेवणार न्हाय."

"आगं, तुला हितलं काय कळणार तिकडं?"

"कळतंय मला," ब्राह्मी म्हणाली, आणि गाडी वळणावर गेली.

बाबगोंडा सदलग्याला मुक्काम करून पंचमीच्या दुपारी परतले. महाराजांचा आहार त्या दिवशी पाटलांकडं झाला होता. चंपाबाईंनी दोघांची पानं घेतली. चातुर्मासात त्या दिवसातून एकदाच बसत. एक भाकरी झाली की हात धुवून उठत. भूक असो वा नसो, वर्षानुवर्षांची सवय होती.

भाकरी संपली. चंपाबाईंनी तांब्याकडं हात नेला आणि तिथंच थोडा वेळ ठेवला. मग त्यांनी बुट्टीवरचं फडकं बाजूला केलं, आणखी एक भाकरी काढली आणि पानात घेतली.

बाबगोंडांचा घास हातातच राहिला.

"आज दोन?"

"गप जेवा," चंपाबाई म्हणाल्या. "ही सदलग्याची हाय."